आयएसओ ४०० ठेवलं तरी फोटो दाणेदार का? (तालमीतले फोटो, मदत पाहिजे)

तालीमवेडा | सोमवार, रात्री ११:१०

मंडळी, राम राम. लई दिवस नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा धागा काढतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहतो. घराजवळच्या कुस्तीच्या तालमीत पहाटे फोटो काढू द्या म्हणून महिनाभर वस्तादांच्या मागं लागलो होतो, शेवटी हो म्हणाले. अट एकच, फ्लॅश मारायचा नाही. पोरगं डावात असताना डोळ्यावर झगझगाट आला तर मान मोडून घेईल. पटलं.

तालीम जुनी, दगडी. भिंती दोन हात जाड, पूर्वेला एक झरोका, कुस्तीच्या मातीच्या हौद्यावर दोन पिवळे बल्ब आणि कोपऱ्यात एक एलईडी ट्यूब. माझा कॅमेरा जुना सेकंडहँड, एपीएस-सी सेन्सर, २४ मेगापिक्सेल, सोबत आलेली १८-५५ लेन्स.

पहिल्या दिवशी ५५ वर झूम, एफ/५.६ (लेन्सचं छिद्र; आकडा लहान तेवढं छिद्र मोठं), शटर १/२०० सेकंद, आयएसओ (फोटो किती उजळ करायचा तो आकडा) ६४००. फोटो उजळ आले पण दाणेच दाणे. पैलवानाच्या पाठीवर चिकटलेली माती कुठली आणि नॉइज (म्हणजे हे दाणे) कुठला, कळेना.

एका दुकानात दाखवलं. तिथला माणूस म्हणाला, "आयएसओ ४०० च्या वर गेलास की फोटो मेला." म्हणून दुसऱ्या दिवशी बाकी सगळं तेच ठेवून आयएसओ ४०० केलं. स्क्रीनवर नुसता काळोख. घरी येऊन लॅपटॉपवर ४ स्टॉप वर खेचला (दर स्टॉपला दुप्पट, म्हणजे १६ पट उजळ), तर पहिल्यापेक्षा बेकार! मागची भिंत जांभळी झाली आणि तिच्यावर आडव्या रेघा, सोलापुरी चादर वाळत घातल्यागत.

आयएसओ कमी तर नॉइज कमी, असंच सगळीकडं ऐकलंय. मग हे उलटं कसं झालं?

फुलफ्रेमपंथी | सोमवार, रात्री ११:३२

एपीएस-सी विकून टाक आणि फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा कॅमेरा) घे. विषय संपला.

तालीमवेडा | सोमवार, रात्री ११:३५

दादा, विषय तिथं संपत नाही, पगार संपतो.

जुना_डार्करूमवाला | मंगळवार, सकाळी ७:०५

दुकानातला माणूस फिल्मच्या जमान्यातला असणार. चूक त्याची नाही, त्याचं डोकं रोलात अडकलंय. आमच्या वेळी हा आकडा डब्यावर छापलेला असायचा. अमेरिकेचं एएसए आणि जर्मनीचं डीआयएन अशी दोन मापं होती, १९७४ साली ती एकत्र करून आयएसओ झालं. ४०० चा रोल म्हणजे खरोखरच जास्त संवेदनशील फिल्म. चांदीच्या क्षारांचे कण मोठे, म्हणून प्रकाश लवकर धरायचे, आणि कण मोठे म्हणून दाणा दिसायचा. आकडा आणि दाणा यांचं नातं तिथं सरळ होतं.

खासबाग मैदानात संध्याकाळच्या कुस्त्यांना मी ४०० चा रोल १६०० समजून मारायचो आणि डेव्हलपिंगला वेळ वाढवायचो. पुश करणं म्हणतात त्याला. सावल्या काळ्याठिक्कर व्हायच्या, दाणा वाळूसारखा. पण पैलवान हवेत दिसायचा.

डिजिटलचं आतलं गणित मला तेवढं येत नाही, जाणकार सांगतीलच.

गरम_सेन्सर | मंगळवार, सकाळी ९:२०

सोपं आहे. आयएसओ वाढवलं की सेन्सरला जास्त करंट जातो, तो गरम होतो आणि त्यामुळे नॉइज येतो. तालमीत उकाडा असेल. एसी लावा.

तालीमवेडा | मंगळवार, सकाळी ९:२४

तालमीत एसी!! वस्ताद मलाच हौद्यात घेतील.

अर्धवट_शास्त्री | मंगळवार, दुपारी १:१५

जेवणाच्या सुट्टीत लिहितोय, त्यामुळे तुकड्यातुकड्यानं.

आधी @गरम_सेन्सर: तसं नाही. उष्णतेचा नॉइज असतो, पण तो शटर किती वेळ उघडं राहिलं यावर आणि सेन्सरच्या तापमानावर ठरतो. १/२०० सेकंदात तो नगण्य. आयएसओचा आकडा बदलल्यानं सेन्सर तापत नाही.

आता मुख्य मुद्दा. आयएसओ वाढवल्यानं सेन्सरची प्रकाश धरायची ताकद वाढत नाही. छिद्र एफ/५.६ आणि शटर १/२०० असेल तर आयएसओ १०० ठेवा नाहीतर ६४००, प्रत्येक पिक्सेलवर प्रकाश तेवढाच पडणार. तो जमा झाल्यावर जो विजेचा सिग्नल तयार होतो, तो किती पट मोठा करून लिहायचा, एवढंच आयएसओ ठरवतं.

मग दाणे कुठून येतात? मुळात प्रकाशातूनच. जोतिबाच्या चैत्र यात्रेला गेला असशील. डोंगरावर पोत्यानं गुलाल उधळतात तेव्हा पांढरा सदरा सगळीकडं सारखा गुलाबी होतो, एक ठिपका वेगळा काढता येत नाही. त्याच सदऱ्यावर चिमूटभर गुलाल फुंकून बघ. इथं चार कण, तिथं नऊ, मधे काहीच नाही. प्रकाशही असाच कणाकणानं येतो आणि त्याचा पडण्याचा नेम नसतो.

हिशेब असा की जितके कण, त्याच्या वर्गमुळाइतका चढउतार. एका पिक्सेलवर १०,००० फोटॉन (प्रकाशाचे कण) मोजले गेले तर १०० चा चढउतार, म्हणजे १ टक्का. डोळ्याला कळतही नाही. १०० च मोजले गेले तर चढउतार १०, म्हणजे १० टक्के. हाच तुझा दाणा. म्हणून तो उजळ भागापेक्षा सावलीत जास्त दिसतो.

थोडक्यात, आयएसओ ६४०० मुळे नॉइज आला नाही. उजेड कमी होता म्हणून नॉइज आला आणि उजेड कमी होता म्हणूनच तुला ६४०० लावावं लागलं. दोघं कायम एकत्र दिसतात, म्हणून आळ आयएसओवर येतो.

रेघांचं संध्याकाळी लिहितो.

साउंडवाला_राजारामपुरी | मंगळवार, दुपारी ३:४०

रेघांचं मी सांगू का? फोटोतलं कळत नाही, पण हे आमच्या धंद्यातलं दिसतंय.

मिरवणुकीत शाहीर हळू गातोय आणि माईकपासून स्पीकरपर्यंत लांब वायर आहे. वायरीत खरखर असतेच. मी माईकपाशीच गेन वाढवला तर मोठा झालेला आवाज वायरीत जातो आणि त्याच्यापुढं खरखर किरकोळ राहते. पण तिथं वाढवायला विसरलो आणि शेवटी स्पीकरलाच आवाज चढवला, तर शाहिराबरोबर वायरीची खरखरही तेवढ्याच पटीनं मोठी. लोक म्हणतात, डॉल्बीवाल्यानं माती केली.

तू तेच केलंस वाटतं. आयएसओ म्हणजे माईकचा गेन आणि लॅपटॉप म्हणजे स्पीकर.

अर्धवट_शास्त्री | मंगळवार, संध्याकाळी ७:५०

@साउंडवाला, मला चार परिच्छेद लागले असते. माझं आयडी तुम्ही घ्या.

तंतोतंत हेच. सेन्सरवरून सिग्नल निघाला की तो वाचताना, आकड्यात बदलताना कॅमेऱ्यातली सर्किटं स्वतःची खरखर मिसळतात. याला रीड नॉइज म्हणतात. आयएसओ वाढवल्यावर सिग्नल या खरखरीच्या बऱ्याचशा भागाच्या *आधी* मोठा होतो. म्हणजे प्रकाश तेवढाच असेल तर आयएसओ वाढवल्यानं सावल्या उलट स्वच्छ येतात! तू ४०० ठेवलंस आणि नंतर १६ पट वाढवलंस, तेव्हा सर्किटची खरखरही १६ पट झाली. या खरखरीला बऱ्याचदा नक्षी असते, त्याच तुझ्या चादरीच्या रेघा.

सगळ्या कॅमेऱ्यांत हे सारखं नसतं. गेल्या काही वर्षांतल्या पुष्कळ सेन्सरांत ही खरखर इतकी कमी आहे की आधी वाढवा किंवा नंतर, फरक जेमतेम. अशांना आयएसओ-इनव्हेरियंट म्हणतात. तुझा तसा दिसत नाही.

फुलफ्रेमपंथी | मंगळवार, रात्री ९:०५

सोनी ए७ थ्री वापरतो, म्हणून भर घालतो. त्यात दोन टप्पे आहेत. आयएसओ ६४० ला आतलं सर्किटच बदलतं, त्यामुळे ५०० पेक्षा ६४० ला सावल्या जास्त स्वच्छ. पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं फायलींची अदलाबदल झाली.

आणि फुल फ्रेमबद्दल माझं म्हणणं कायम आहे.

अर्धवट_शास्त्री | मंगळवार, रात्री ९:३०

म्हणणं खोटं नाही, पण मापून बघू. फुल फ्रेम ३६ × २४, म्हणजे ८६४ चौरस मिमी. एपीएस-सी साधारण २३.५ × १५.६, म्हणजे ३६६ च्या आसपास. फायदा सव्वादोन-अडीच पट प्रकाशाचा, सव्वा स्टॉप.

आता ५० मिमी एफ/१.८ लेन्स बघ. एफ/५.६ वरून एफ/१.८ ला गेलास तर जवळजवळ १० पट प्रकाश, सव्वातीन स्टॉप. आणि कुठल्याही कंपनीची सगळ्यात स्वस्त लेन्स बहुतेक हीच असते. तालीमवेड्यानं आधी काय घ्यावं?

फुलफ्रेमपंथी | मंगळवार, रात्री ९:३४

दोन्ही.

सुगरण_नाही_मी | मंगळवार, रात्री १०:१५

मधेच विचारते, धागा पळवल्याबद्दल माफ करा. मुलीच्या गॅदरिंगचे फोटो मोबाइलवर काढले. नाचताना तोंड म्हणजे मेणाचा गोळा, भुवया गायब. पण रात्री रंकाळा तलावाचा काढलेला एकदम स्वच्छ. एकच मोबाइल, मग असं का?

अर्धवट_शास्त्री | मंगळवार, रात्री १०:४०

ताई, नाईट मोडमध्ये मोबाइल एक फोटो काढत नाही, पाठोपाठ बरेच काढतो आणि त्यांची सरासरी घेतो. नॉइज प्रत्येक फोटोत वेगळ्या जागी असतो, म्हणून सरासरीत विरतो. १६ फोटो एकत्र केले तर चौथा हिस्सा उरतो. रंकाळा हलत नाही, म्हणून हे जमतं.

मुलगी नाचत होती. फोटो एकमेकांवर बसेनात, मग मोबाइलनं नॉइज पुसायला घेतला आणि दाण्यांबरोबर भुवयाही पुसल्या. त्याला दोन्ही सारखेच दिसतात.

सुगरण_नाही_मी | मंगळवार, रात्री १०:४४

म्हणजे घासणीनं भांड्याची कल्हई काढली. कळलं. पुढच्या वर्षी पहिल्या रांगेत बसून व्हिडिओच करते.

तालीमवेडा | गुरुवार, रात्री १२:२०

मंडळी, प्रयोग केला. झोप गेली, पण डोक्यातलं जळमटही गेलं.

स्वयंपाकघरात ट्रायपॉड लावला. समोर कांदा-लसूण चटणीची बरणी, मागं काळा तवा, वर एक मंद बल्ब. रॉमध्ये (कॅमेऱ्यानं काही न सुधारलेली कच्ची फाइल) काढले. पहिल्यांदा एफ/५.६ आणि १/२० कायम ठेवून फक्त आयएसओ बदलत गेलो: ४००, ८००, १६००, ३२००, ६४००. मग लॅपटॉपवर सगळे ६४०० इतके उजळ केले.

४०० चा सगळ्यात घाण. तव्यावर त्याच त्या रेघा. ८०० थोडा बरा. १६०० ला रेघा गेल्या. ३२०० आणि ६४०० मधला फरक मला तरी सांगता येईना. म्हणजे माझ्या कॅमेऱ्यात १६०० पर्यंत आयएसओ वाढवण्यात फायदा, पुढं फोटो नुसता उजळ होतो.

नंतर आयएसओ १०० करून शटर ३.२ सेकंद ठेवलं. उजळपणा ६४०० आणि १/२० इतकाच, पण प्रकाश ६४ पट. काय सांगू! चटणीतलं तीळ अन् तीळ मोजता येतंय. बरणीच्या झाकणावर तेलाचं बोट उमटलंय ते दिसतंय. (आईचं नाही, माझंच आहे.)

पण पैलवानाला ३.२ सेकंद हवेत थांब कसं म्हणू?

नदीकाठचा | गुरुवार, सकाळी ८:१०

३.२ सेकंद वाचून राहवलं नाही. त्रिपुरी पौर्णिमेच्या पहाटे पंचगंगा घाटावर जातो दरवर्षी. हजारो पणत्या, वर धुकं. एका वर्षी हौसेनं आयएसओ १६०० लावलं. दगडी पायऱ्या सुंदर आल्या, पण प्रत्येक पणतीची ज्योत म्हणजे पांढरं भोक. नारंगी रंग कुठंच नाही. नंतर कितीही खाली ओढलं तरी आला नाही.

आता ट्रायपॉडवर आयएसओ १०० आणि ६-८ सेकंद. एकच वैताग, फोटो काढून झाला की कॅमेरा तेवढाच वेळ गप्प बसतो, बटण दाबलं तरी ढिम्म. तोवर मागची माणसं पुढं.

अर्धवट_शास्त्री | गुरुवार, सकाळी ८:४५

ते लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन. शटर बंद ठेवून कॅमेरा तेवढ्याच वेळेचा एक काळा फोटो काढतो. आठ सेकंदात काही पिक्सेल आपोआप चमकायला लागतात, त्यांचे ठिपके काळ्या फोटोत दिसतात आणि ते खऱ्या फोटोतून वजा करतो. @गरम_सेन्सर, तुमची उष्णता इथं येते बघा. मेनूत बंद करता येतं, पहाटेच्या थंडीत ८ सेकंदाला बहुतेक चालून जाईल.

ज्योतीचं सांगितलंत ते महत्त्वाचं. आयएसओ फुकट नाही. दर स्टॉपला वरच्या बाजूची जागा साधारण एक स्टॉप कमी होते. मोठा केलेला सिग्नल मापाच्या बाहेर सांडला की गेला. म्हणून दिवा, ज्योत, पांढरा सदरा असं काही महत्त्वाचं असेल तर आकडा जपून चढवायचा.

गरम_सेन्सर | गुरुवार, सकाळी ९:०२

बघा, मी म्हणत होतो.

जुना_डार्करूमवाला | गुरुवार, दुपारी १२:३०

तालीमवेड्या, माझ्याकडं ५० मिमी १.८ पडून आहे, माउंट (लेन्स कॅमेऱ्याला बसवायची खाच) जुळत असेल तर घेऊन जा. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर रात्री नऊनंतर असतोच मी. दोन गोष्टी सांगतो.

एक, १.८ ला एवढ्या जवळून मारलंस तर एका पैलवानाचा कान शार्प आणि दुसऱ्याचा चेहरा धूसर. २.५ पर्यंत बंद कर. दोन, बसायची जागा बदल. तू झरोक्याकडं तोंड करून बसला असणार, म्हणून पैलवानांच्या अंगावर सावली. झरोका पाठीशी किंवा बाजूला घे. सूर्य वर येऊन उजेड आत शिरेपर्यंत नुसतं बघत बस. लाईट मापायची सगळ्यात जुनी पद्धत आहे ती.

सिनेमावाल्या बाबूराव पेंटरांनी याच गावात स्वतःच्या हातानं कॅमेरा बनवला. आपल्याला बसायची जागा तरी बदलता यावी.

अर्धवट_शास्त्री | गुरुवार, दुपारी १:१०

आणि तो पिवळा बल्ब. त्याच्या उजेडात निळा रंग फार कमी असतो. फोटो नैसर्गिक दिसावा म्हणून सॉफ्टवेअर निळा चॅनल पटीनं वाढवतं, त्याबरोबर त्यातला नॉइजही. सावलीत निळेजांभळे डाग दिसतात ते बरेचसे तिथून. झरोक्याच्या उजेडात निळा भरपूर असतो, त्यामुळे उजेड तेवढाच असला तरी फोटो जास्त स्वच्छ दिसेल. रंगाचा नॉइज बिनधास्त काढ, दाण्याचा मात्र अर्धाच. सगळा काढलास तर ताईंच्या भुवयांसारखं होईल.

एलईडी ट्यूबकडंही लक्ष ठेव. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बऱ्याच ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/४०० ला नेलंस तर एक फोटो उजळ, एक मंद, एकात मधेच पट्टा.

तालीमवेडा | रविवार, दुपारी ४:००

जाऊन आलो.

लेन्स काकांकडून आणली (दूध पण त्यांनीच पाजलं, ग्लासभर, वर बोटभर साय). वस्तादांना विचारून ट्यूब बंद केली. झरोका डाव्या खांद्यामागं घेऊन भिंतीला टेकून बसलो. पावणेसातपर्यंत कॅमेरा मांडीवर. पोरं जोर मारत होती, माती उकरत होती. मग झरोक्यातून उजेडाची फळी आत आली आणि उडालेली धूळ तिच्यात लटकली.

एफ/२.५, १/४००, आयएसओ २५००. शटर पहिल्यापेक्षा दुप्पट जलद असूनही प्रकाश अडीच पट, आणि आयएसओ ६४०० वरून खाली. नॉइज आहे. शंभर टक्के झूम केलं की दिसतोय.

जुना_डार्करूमवाला | रविवार, दुपारी ४:२०

शंभर टक्के झूम करायला सांगितलं कुणी? २४ मेगापिक्सेल म्हणजे आडवे ६००० पिक्सेल. लॅपटॉपच्या स्क्रीनवर ते पसरले तर ५ फूट रुंद फोटो होतो, आणि तू तो नाक लावून बघतोयस. ८ × १२ ची प्रिंट काढ आणि हातभर अंतरावरून बघ.

तालीमवेडा | मंगळवार, रात्री १०:०५

काढली. ढाक डाव मारतानाचा फोटो, वरच्या पैलवानाचे दोन्ही पाय हवेत. प्रिंटवर दाणा शोधून सापडेना. पाठीवर दिसते ती मातीच.

वस्तादांना नेऊन दिली. चष्मा लावून दोन मिनिटं बघितली. मला वाटलं आता काहीतरी म्हणतील. खालच्या पोराला हाक मारली, प्रिंटवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "ह्यो डावा पाय बघ तुझा. हितं कशाला ठेवलाईस? म्हणून उचलला तुला." प्रिंटवर आता तेल-मातीचा अंगठा उमटलाय.

अजून चार प्रिंट मागितल्यात, सगळ्या पायांच्या.

अर्धवट_शास्त्री | मंगळवार, रात्री १०:३०

मूळ रॉ फाइल पाठव रे. निळा चॅनल बघायचाय.

फुलफ्रेमपंथी | मंगळवार, रात्री १०:३३

पायांसाठी ८५ मिमी १.८ बरी पडेल.

जुना_डार्करूमवाला | मंगळवार, रात्री १०:५०

माझी ५० तेवढी शुक्रवारपर्यंत परत दे बाबा. शनिवारी भाचीचं लग्न आहे आणि कार्यालयात उजेडाची बोंब आहे.